मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी गज, जॅग आणि ब्रश : विकत घ्यावं की घरी बनवावं?

पडीक_गज

मंडळी नमस्कार,

क्लबातल्या रायफली पुसायचं काम माझ्या गळ्यात पडून सहा महिने झाले. .२२ आणि .३०८ ची काळजी नाही, त्यांचं सामान डोळे मिटून मिळतं. डोकेदुखी आहे ती कपाटाच्या उजव्या कोपऱ्यातल्या तिघींची. एक १२.७ मिमीची (.५० बीएमजी) बोल्टवाली, नळी २९ इंच. दुसरी .४५८ विंचेस्टर मॅग्नम. तिसरी मार्टिनी-हेन्री, .५७७/४५०, ही जुनी ब्रिटिश एकबारी, जी वर्षातून दोनदा बंदुकीच्या काळ्या दारूवर चालते आणि उरलेलं वर्ष आम्हाला शिव्या घालते.

अडचणी अशा :

माझा गज (नळी आतून पुसायची सळई) ३६ इंची. १२.७ चा बोल्ट काढून मागून घातला की ब्रश तोंडातून बाहेर पडायच्या आधीच मूठ अडते. चार बोटं कमी पडतात. ब्रश नळीतल्या नळीत उलटा फिरवायचा नाही हे सगळे सांगतात, पण मग मी करू काय?

'.५०' लिहिलेला जॅग (गजाच्या टोकाला लावायचा, चिंदी ढकलणारा दट्ट्या) मागवला, तर तो निघाला ठासणीच्या बंदुकीचा. त्याचे आटे १०-३२, माझ्या गजाचे ८-३२. बसतच नाही.

अ‍ॅडॉप्टर लावून बसवला, तर चिंदी एक तर निम्म्यात गळून पडते नाही तर अशी अडकते की दोघांनी ओढावं लागतं.

तयार संच घ्यावा का? की लेथवर काही करून घेता येईल? ओळखीत लेथ आहे, पण 'काय करून हवंय' हे मला नीट सांगता आलं पाहिजे.

धागापाल

धागा चालू द्या, फक्त एक आधीच लिहून ठेवतो. बोल्ट बाहेर, चेंबर (काडतूस बसायची जागा) रिकामं, आणि पलीकडचा उजेड नळीतून डोळ्याला दिसला की मगच गजाला हात. काडतुसं त्या टेबलावरच नकोत, दुसऱ्या खोलीत असू द्या.

खटपट्या

गजाची लांबी, आटे आणि जॅगचा व्यास, ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही एकच औषध शोधताय. मी आट्यांपासून सुरू करतो, कारण नव्वद टक्के लोक तिथेच फसतात.

८-३२ चा बाहेरचा व्यास ४.१७ मिमी, इंचाला ३२ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७९. एम ४ चा व्यास ४ मिमी, पिच ०.७. दिसायला सख्खे भाऊ. ८-३२ चा ब्रश एम ४ च्या भोकात दीड-दोन आटे जातो आणि रुतून बसतो. उलट एम ४ चा ब्रश ८-३२ च्या भोकात खुळखुळत चार-पाच आटे जातो, आपण समजतो बसला, आणि पहिल्याच ओढीला गज बाहेर आणि ब्रश आत. १०-३२ म्हणजे ४.८३ मिमी, पिच तोच ०.७९. ठासणीच्या सामानाला बहुधा हेच. शॉटगनच्या सामानाला ५/१६-२७, म्हणजे जवळजवळ ८ मिमी. युरोपातल्या मालाला एम ४ आणि एम ५ जास्त दिसतात. वर काही कोटेड गजांना ८-३६ चे नर आटे असतात, ते ८-३२ शी जुळत नाहीत.

सामान हातात आलं की आधी पिच-गेज लावा. नसेल तर ज्याचे आटे माहीत आहेत असा स्क्रू शेजारी धरून आट्यात आटे बसवून उजेडाकडे बघा. पाच-सहा आट्यांत फरक डोळ्याला दिसतो.

१२.७ ला ८-३२ मुळातच लहान आहे. त्याच्या आट्यांच्या मुळाशी जेमतेम ३.२ मिमी धातू उरतो. .३० साठी ठीक. १२.७ चा नवा कांस्याचा ब्रश ढकलायला जो जोर लागतो त्यात ब्रशचा पितळी दांडा तिथेच मोडतो. माझा मोडलाय. मी म्हणेन गजाला एम ६ करा आणि बाकी सगळं अ‍ॅडॉप्टरवर.

शंकासुर

खटपट्या, बाळबोध प्रश्न. इतकं कशाला? मी नवखा असताना बाजारातली गोल लाकडी काठी घेऊन पुढे खाच पाडून चिंदी अडकवायचो. मस्त चालायचं.

जुनी_ठासणी

चालतं. मोडेपर्यंत.

शंकासुर

काका, बरोबर ओळखलंत. मोडली. 😅 आणि सरळ नाही मोडली, तिरपी चिरली. दोन्ही तिरपे तुकडे एकमेकांवर सरकून पाचरीसारखे बसले. जितकं ढकलावं तितकं घट्ट. शेवटी पुढून पितळी गज घालून, आत तेल सोडून, एक रात्र मुरू देऊन काढलं.

जुनी_ठासणी

बाजारातली काठी लेथवर गोल केलेली असते, लाकडाची रेघ तिच्यात तिरपी धावते. जुने लोक ठासायचे गज लाकूड फोडून करत, कापून नाही, म्हणजे रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते. एवढी उस्तवार करायची नसेल तर लाकूड नको.

आणि अडकलेली गोष्ट गोळी झाडून बाहेर काढू असं कोणी सुचवलं तर त्या माणसापासून लांब बसा. नळी फुटते.

रेषेवरचा_मी

विकत घ्या राव. चांगला कोटेड किंवा कार्बन फायबरचा एकसंध गज, बेअरिंगची मूठ, १२.७ साठी खास लांबीचा मिळतो. जोडणीचे तीन तुकड्यांचे गज मोठ्या बोअरला आणू नका. प्रत्येक सांध्याला कडा असते, आणि जोर लावला की गज नेमका सांध्यात वाकून नळीला घासतो. अ‍ॅल्युमिनिअमचे तर अजिबात नको, मऊ असल्यानं त्यात कचकच रुतून बसते आणि तो गज कानसच होतो. मी आठ वर्षं एकच गज वापरतोय. लेथच्या नादी लागून महिना घालवण्यापेक्षा तो महिना नेमबाजी करा.

खटपट्या

गज विकत घ्या याला माझी हरकत नाही, .३० पर्यंत मीही विकतचाच वापरतो. पण जॅग विकतचा नेमका बसेलच असं नाही. का ते सुईदोरा सांगतील, त्यांनीच मला शिकवलंय.

सुईदोरा

आले, आले.

पडीक_गज, तुम्ही जॅग आधी घेतला आणि चिंदी नंतर शोधली. हे उलटं झालं. जॅगवर '.५०' लिहिलं म्हणजे तो .५० ला बसेल असं नसतं. तो बनवणाऱ्याच्या मनातल्या कापडासह .५० ला बसतो, आणि ते कापड तुमच्याकडे नसतं. तुमची चिंदी पातळ असेल तर गळते, जाड असेल तर अडकते. तुमच्या दोन्ही तक्रारी एकच आहेत, फक्त दोन वेगवेगळ्या कापडांनी केलेल्या.

म्हणून आधी कापड ठरवा, आणि असं ठरवा की पुढची पाच वर्षं तेच मिळेल. माझं म्हणणं सुती फ्लॅनेल, एका बाजूला लव असलेलं. शंभर टक्के सुती. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड द्रव पीत नाही, नुसतं पुढे ढकलतं. ओळखायला एक धागा जाळून बघा. सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टरचा मणी होतो. नवं कापड धुतल्याशिवाय वापरायचं नाही, त्यात खळ असते. आणि धुताना कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव्य घालू नका, कापड पाणी पीत नाही मग.

आता माप. कापड सैल असताना मोजून उपयोग नाही. मायक्रोमीटरच्या जबड्यात धरून रॅचेट तीनदा कट-कट होईपर्यंत दाबा आणि वाचा. माझं फ्लॅनेल असं दाबल्यावर ०.४५ भरतं. मग साधं गणित : चरांमधल्या (चर म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) उंचवट्यांवरचा व्यास उणे कापडाची दुप्पट जाडी. १२.७ उणे ०.९ म्हणजे ११.८. पण चौकोनी चिंदी गोल जॅगवर दुमडते तेव्हा चुण्या पडतात आणि चुणीत कापड तिहेरी होतं. म्हणून आणखी दोन-तीन दशांश कमी. मी ११.५ ते ११.६ वर थांबते. १२.७ ला साधारण ७५ मिमीची चौकोनी चिंदी, .४५ ला ६० ते ६५ ची. सरळ रेघेत कापू नका, जरा तिरक्या धाग्यावर कापली तर ताणते आणि चुण्या कमी पडतात. शिवणकाम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही 🙂

शंकासुर

वाखू (वाचनखूण) साठवली.

पडीक_गज

डोक्यात प्रकाश पडला. दोन वेगवेगळ्या कापडांनी केलेली एकच तक्रार! खरंच एक जुना टी-शर्ट होता आणि एक कांबळ्यासारखं जाड फ्लॅनेल.

पण उंचवट्यांवरचा व्यास मोजायचा कसा? मार्टिनीला व्हर्निअर लावला तर दर वेळी वेगळं माप येतं.

खटपट्या

येणारच. मार्टिनी-हेन्रीला हेन्रीची सात चरांची नळी आहे, २२ इंचाला एक फेरा. सात म्हणजे विषम, समोरासमोर कधी चर आणि चर येतच नाहीत. व्हर्निअरचा एक जबडा चरात आणि दुसरा उंचवट्यावर.

मऊ शुद्ध शिशाची गोळी तेल लावून नळीतून ढकलून काढतात, ती चरांच्या मापासाठी ठीक. जॅगला मात्र उंचवट्यांचंच माप हवं. त्याला पितळी पिन कातून घ्या, ११.३ पासून ०.०५ च्या टप्प्यानं, कडा मारलेल्या. जी जाते आणि जिच्यानंतरची जात नाही ते तुमचं माप. कागदावर मार्टिनीचा व्यास .४५० इंच, म्हणजे ११.४३ मिमी. पण दीडशे वर्षांच्या नळीला कागद दाखवून उपयोग नाही.

मजा बघा, .४५८ विंचेस्टरचाही उंचवट्यांवरचा व्यास .४५० च आहे. .४५८ हा गोळीचा व्यास, चरांच्या तळाचा. म्हणजे तुमच्या तिघींपैकी दोघींना एकच ब्रश चालेल, आणि मार्टिनी झिजलेली नसेल तर जॅगही एकच. .४५ पिस्तुलाचा ब्रशसुद्धा चालतो, फक्त आखूड असल्यानं जास्त फेऱ्या माराव्या लागतात.

तांबट_पक्षी

खटपट्या, तुमच्या एम ६ ला माझा आक्षेप. .४५ च्या नळीत जायचं तर गज ८ मिमीचाच हवा. ८ मिमीच्या गजाच्या टोकाला आत एम ६ पाडलात तर भिंत उरते १ मिमी. ती फाटेल.

खटपट्या

मान्य. चूक झाली, मी १०चा गज डोक्यात धरून बोलत होतो. १० मिमीचा गज १२.७ मध्ये जाईल, पण ११.४३ मध्ये बाजूला पाऊण मिमीसुद्धा उरत नाही.

मग असं करा. तिघींना मिळून एकच गज, ८ मिमी स्टेनलेस, टोकाला आत एम ५. ४.२ चं ड्रिल, भिंत दीड मिमी. एम ५ चा गाभा ८-३२ च्या मानानं क्षेत्रफळात दीडपटीहून जास्त भरतो, पुरे. ओळखीच्या लेथवाल्याला इतकं सांगा :

गज १२०० मिमी. आधी काचेवर लोळवून सरळ आहे का बघा, जिथे काच आणि गजात उजेड दिसेल तो गज परत. टोकाचं भोक नेमकं मध्यात हवं, म्हणून गज लेथच्या स्पिंडलमधून आरपार घालून टोक चकमध्ये धरायचं, हातड्रिलनं नाही. मागच्या टोकाला मूठ. त्यात दोन ६०८ नंबरची बेअरिंग, म्हणजे स्केटच्या चाकात असतात तीच. आतून ८, बाहेरून २२, जाडी ७. गज थेट बसतो. मूठ फिरलीच पाहिजे. नाही फिरली तर ब्रश चरांबरोबर वळत नाही, त्यांच्यावरून घसरतो. शिवाय गजाचे आटे सुटत जातात.

जॅग : पितळी सळई १४ किंवा १६ ची. मागून एम ५ चं भोक १२ मिमी खोल, त्यात स्टेनलेसचा एम ५ खिळा थ्रेडलॉकर लावून. पितळातच नर आटे पाडू नका, मोडतात. पुढे ३० मिमी लांब ११.६ ला कातायचं. त्यावर २ मिमी रुंद, १ मिमी खोल खोबणी, तीन-तीन मिमीवर. पुढे चिंदी टोचायला २ मिमी जाड, ४ मिमी लांब टोक, पण बोथट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लेथवाला हमखास विसरतो : जॅगची मागची कडा ४५ अंशात मारून घ्या. चिंदी तोंडाबाहेर पडते, जॅग उघडा परत येतो, आणि मागची कडा धारदार असेल तर ती दर वेळी नळीच्या तोंडाच्या कडेला ठेचते. नेम तिथूनच बिघडतो.

पहिला जॅग ११.८ ला करून घ्या आणि कापड घालून बघत दोन-दोन दशांश उतरवा. जास्त कातलेलं पितळ परत चिकटत नाही. पितळाचा भुगा सुयांसारखा उडतो, चष्मा घालायला सांगा.

लेथ नसलेल्यांसाठी : नायलॉनचा तुकडा खिळ्यावर बसवून ड्रिलच्या चकमध्ये फिरवा आणि कानस लावा. अर्ध्या तासात जॅग तयार होतो. दिसायला ओबडधोबड, पण चिंदीला काय कळतंय.

रेषेवरचा_मी

हे सगळं ठीक, पण स्टेनलेसचा उघडा गज बोअर गाइडशिवाय (गज नळीच्या मध्यात ठेवणारी बुशी) घालणार असाल तर मी या धाग्यावरून उठतो.

खटपट्या

बसा बसा. गाइड आहेच. .४५८ साठी तर फुकटात होतो. झाडलेलं काडतुसाचं केस घ्या, प्रायमर (तळातली पेट घेणारी टोपी) झाडलेला आहे ना ते दोनदा बघा, प्रायमर काढून तळाला ८.२ चं भोक पाडा, कडा घासून घ्या. मानेत नायलॉनची बुशी बसवा, आतून ८.२. चेंबरमध्ये नेमकं बसतं, गज मध्यात राहतो. त्याला लाल रंग लावा म्हणजे कोणी भरायला घेणार नाही. बोल्टवालीला मागून एक नळकांडं जोडावं लागतं, नाहीतर केसच्या मागून गळलेलं सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरतं. मी अ‍ॅसिटलचं करतो. गज गुळगुळीत चालतो आणि सॉल्व्हंटनं फुगत नाही.

मार्टिनीला हे चालणार नाही. चेंबर बंद करणारा ठोकळा खाली पडला तरी मागून सरळ रस्ता नाही, दस्ता आडवा येतो. ती तोंडाकडूनच साफ होते, म्हणून तिला तोंडावर बसणारा शंकू हवा. नायलॉनचा, मध्ये ८.२ चं भोक.

जुनी_ठासणी

आता चेंबर. सगळे नळीवर तुटून पडतात आणि चेंबर बोळ्यानं पुसून मोकळे होतात. मोठ्या बोअरला चेंबरचा ब्रश शोधायची गरजच नाही, शॉटगनचे ब्रश घ्या.

१२.७ चं केस तळाला २०.४ मिमी. १२ बोअरच्या चेंबरचा ब्रश तिथे हातमोज्यासारखा जातो. .५७७/४५० चं केस तळाला १७ मिमी, तिथे १६ बोअरचा, त्याची नळी १६.८ असते. .४१६ रिग्बी कोणाकडे असेल तर चेंबरला २० बोअर, आणि तिच्या नळीला .४१० चा ब्रश. .४५८ च्या चेंबरला .५० चा जुना झिजलेला.

स्नायडर असेल, .५७७ ची, तर नळीला २४ बोअरचा ब्रश. शोधायला कठीण, पण मिळाला तर माप तंतोतंत. २८ सैल पडतो, २० फार घट्ट. बोअरचा आकडा म्हणजे नळीच्या मापाचे शिशाचे किती गोळे एका पौंडात बसतात तो. एका पौंडात २४ गोळे केलेत तर एकेक १४.७ मिमी भरतो, आणि .५७७ म्हणजे १४.६६. गणित करून बघा, मी रात्री झोप येत नाही तेव्हा करतो.

मार्टिनीला मात्र आधी पाणी. काळ्या दारूची राख ही क्षारांची राख आहे, ती पाण्यात विरघळते, तेलात नाही. लोक सॉल्व्हंट ओतत बसतात आणि काळी चिखलणी पसरवतात. चेंबरला रबरी बूच घट्ट लावा, तोंडातून कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून भरा, पाच मिनिटं ठेवा, ओता. दोनदा. मग ओली चिंदी, मग कोरड्या येतील तितक्या, मग तेल. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक तेलाची चिंदी घालून बघा, तांबूस आली तर अजून काम बाकी आहे.

रेषेवरचा_मी

काका, अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे त्यासाठी उत्तम म्हणतात. क्षार मारतो.

तांबट_पक्षी

मारत-बिरत काही नाही. जुन्या प्रायमरमधल्या पोटॅशियम क्लोरेटचं पोटॅशियम क्लोराइड होतं, ते आपल्या मिठाचंच भावंड. हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून गंज चढतो. त्याला 'मारायचं' काही नसतं, धुवायचं असतं. त्या स्प्रेमध्ये जे काम करतं ते पाणीच.

अमोनिया लागतो तांब्याला, म्हणजे जॅकेटच्या (तांब्याचं आवरण असलेल्या) गोळ्यांनी नळीत सोडलेल्या थराला. आणि इथे पितळी जॅगची गंमत. पितळातही तांबं आहे, चिंदी निळी-हिरवी येते, आपण म्हणतो अजून घाण आहे, आणखी सॉल्व्हंट. दोन तास आपण आपलाच जॅग विरघळवत बसतो. खात्री करायची असेल तर ती चिंदी नायलॉनच्या जॅगवर घालून बघा, किंवा पितळी जॅगवर निकेल चढवून घ्या. कांस्याचा ब्रशही अमोनियात बुडवून तसाच ठेवू नका, धुऊन टाका, नाहीतर ब्रशचे केस झडतात.

मार्टिनीत शिशाच्या गोळ्या असतील तर शिशाचा थर. झिजलेल्या ब्रशला तांब्याची लोकर गुंडाळून ओढा. भांडी घासायच्या तांबड्या घासण्या बाजारात मिळतात, पण चुंबक लावून बघितल्याशिवाय नळीत घालू नका. पुष्कळ तर तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाच्याच निघतात.

व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून शिसं काढायची युक्ती कुठे वाचली असेल तर विसरा. शिसं निघतं खरं, पण त्याचं विषारी विरघळणारं अ‍ॅसिटेट होतं, आणि ते कातडीतून शिरतं. हातमोजे, आणि नंतर हात धुणं, हे साध्या सफाईलाही.

शंकासुर

पुल-थ्रू बद्दल कोणी बोलेना. .३०३ च्या दस्त्यात यायची तशी दोरी, पुढे पितळी वजन. १२.७ ला करता येईल?

सुईदोरा

मी केलीय. दोरी ५५० पौंड ताणाची पॅराकॉर्ड, पुढे पितळी वजन ९ मिमी जाड, गाठीवर उष्णतेनं आवळणारी नळी. ली-एनफिल्डच्या दोरीला चिंदीच्या मागे आणखी एक फास असायचा, अडकलं तर मागून ओढायला. लोक नक्कल करताना नेमका तो फास गाळतात. तुम्ही गाळू नका. आणि दोरी नळीच्या सरळ रेषेत ओढायची. तिरकी ओढली तर दोरी तोंडाची कडा खाते. त्या जुन्या रायफलींच्या कितीतरी नळ्या गोळ्यांनी नाही, दोरीनं खराब झाल्यात.

रेंजवर पटकन एक हात मारायला ठीक. घरी आल्यावर गजच.

पडीक_गज

पाच आठवड्यांनी हजेरी लावतोय.

गज झाला. पहिला परत केला, काचेवर मध्ये पोट दिसत होतं. दुसरा सरळ निघाला. मूठ ६०८ बेअरिंगची. १२.७ मधून ब्रश पूर्ण बाहेर पडतो आणि मूठ रिसीव्हरपासून चांगली वीतभर लांब राहते. इतकी की आता गज कपाटात मावत नाही, भिंतीला दोन हुक मारून टांगलाय.

सुती फ्लॅनेल एकदम पुष्कळ घेऊन ठेवलं. दाबून ०.४ भरलं, सुईदोरांच्यापेक्षा जरा पातळ. त्या हिशेबानं जॅग ११.९ ला केला, अडकला. ११.७ ला जायला लागला, पण मी ढकलताना दात खातोय असं बायको म्हणाली. ११.६ ला जसं हवं तसं झालं. एका हातानं एकाच वेगानं जातो, आणि तोंडाबाहेर पडताना 'फुप्' असा बारीक आवाज येतो. हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पुढच्या वेळी मुद्दाम पाच-सहा चिंद्या जास्त घातल्या, आवाजासाठी.

चिंदीवर चरांचे ठसे उमटतात, सगळीकडे सारखे. आधीच्या जॅगनं एकाच बाजूला दिसायचे.

.४५८ ला लाल केसचा गाइड झाला. मार्टिनीचं माप ११.४३ नाही, तोंडाशी ११.५५ ची पिन गेली. म्हणजे .४५८ चा जॅग तिला सैल. तिच्यासाठी वेगळा, एक दशांश मोठा करून घेतला आणि मागे खूण म्हणून एक जास्तीची खोबण पाडली.

एक घोळ झालाच. लेथवाल्यानं १२.७ च्या जॅगची मागची कडा मारली नव्हती. 'सगळ्यात महत्त्वाचं' म्हणून लिहिलेलं वाक्य त्याला दाखवलं होतं, तरी. नखाला लागलं म्हणून कळलं.

खटपट्या

सांगितलं होतं ना, हमखास विसरतात. तोंडाशी ११.५५ लागली तर मार्टिनी तोंडाकडून गजानं घासली गेलेली असू शकते. तीच पिन चेंबरकडून जाते का बघा. तिकडून नाही गेली तर तो घेर तोंडापुरताच आहे, आणि जॅग लहान मापाचाच लागेल. मोठा घातलात तर आत अर्ध्यावर अडकेल.

पडीक_गज

अरे बापरे. उद्याच बघतो. मोठा जॅग अजून घातला नाहीये.

जुनी_ठासणी

चेंबरकडून पिन आत सोडायला मार्टिनीत बोटं पुरत नाहीत. पिनेच्या मागे एम ५ चं भोक पाडून गजाच्या आखूड तुकड्यावर लावा. आणि पिनेला दोरा बांधा. मी बांधला नव्हता.

शंकासुर

काका, मग?

जुनी_ठासणी

मग काय, रायफल उलटी करून हलवत बसलो. आली, जेवणानंतर.